हलकी बंदूक

आमच्या हुपरीत कुठलीही वस्तू हातात आली की माणूस आधी ती तळहातावर घेऊन दोनदा वरखाली करतो. पैंजण असो, स्टीलचा डबा असो, नाहीतर पाहुण्यांनी आणलेला पेढ्यांचा पुडा असो. गावात घरोघरी चांदीचं काम चालतं, चांदी वजनावर विकली जाते, त्यामुळं ही सवय सगळ्यांच्या हाताला लागलेली आहे. हाताला हवं तेवढं वजन लागलं नाही की ओठ वाकडा होतो आणि शब्द बाहेर पडतो, "हलकं हाय." हलकी साडी, हलका माल, हलकं घराणं. वजनाला कमी असणं आणि वाईट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लहानपणी मला कुणी सांगितलं नव्हतं. ते कळलं तेव्हा मी बी.एस्सी. झाले होते, नोकरीला लागले होते आणि मला स्वतःची रायफल घ्यायची होती.

आमच्या घरात पदवी मिळवलेली मी पहिली. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, शाळा अर्धवट सोडून चांदीच्या कामाला बसले ते अजून तिथंच आहेत. आई घुंगरं जोडते. मला कोल्हापूरच्या कॉलेजात घातलं तेव्हा भावकीनं आप्पांना वेड्यात काढलं. त्यांनी कुणाशी वाद घातला नाही, पण माझा एसटीचा पास एकदाही संपू दिला नाही. त्या कॉलेजात एनसीसी होती म्हणून माझ्या हातात पहिल्यांदा रायफल आली, आणि तिथल्या एका मॅडमनी मला स्वतःच्या स्कूटरवर बसवून नेमबाजीच्या रेंजवर नेलं म्हणून ती हातात राहिली. या माणसांचे उपकार मी विसरत नाही. आता मी कोल्हापुरातच एका शाळेत विज्ञान शिकवते, मंगळवार पेठेत खोली करून राहते आणि शाळा सुटली की रेंजवर जाते.

आमचा खेळ दिसायला फार साधा. जाड कॅनव्हासचं जाकीट घालून उभं राहायचं, दहा मीटरवर एक कागद असतो, त्याच्या मधोमध पेनाच्या टोकाएवढा ठिपका असतो, आणि हवेच्या दाबावर छर्रा सोडणाऱ्या रायफलनं तो ठिपका उडवायचा. पुन्हा दुसरा कागद. तासाहून जास्त वेळ हेच. बघणाऱ्याला कंटाळा येतो, आणि तो यावा असाच हा खेळ आहे.

रेंजवरची रायफल क्लबची होती. एखाद्या उंच मुलासाठी घेतलेली, नळीकडं जड. मी उंचीनं बेताची. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवून मी ती पेलायची. सुरुवातीला छान जमायचं, पण शेवटाकडं नळी मुंगीच्या पावलानं खाली यायची आणि छर्रे ठिपक्याच्या खाली पडायचे. शिवाय ती रायफल आम्ही बरेच जण वापरायचो. कुणी दस्त्याची लांबी वाढवून जायचं, कुणी गालाची पट्टी खाली करून. रोज आधी तिला आपली करून घ्यायची आणि मग नेम धरायचा. दिवाळीनंतर निवड चाचणी होती. रेंजवर आम्हाला शिकवणारे सर एकदा माझा खांदा बघून म्हणाले, "तू कमी पडत न्हाईस. रायफल जास्त पडतीया. चाचणीच्या आत स्वतःची बघ, आणि हलकी बघ."

त्या दिवसांत मी फोनवर परदेशातल्या स्पर्धांचे व्हिडिओ बघायची. त्यातला एक प्रकार मला फार आवडला. आखूड, हलकी कार्बाइन, तिच्यात पिस्तुलाची गोळी. माझ्याच चणीची एक बाई ती घेऊन एका लक्ष्याकडून दुसऱ्याकडं पळत होती आणि प्रत्येक वेळी बंदूक तिच्या खांद्याला आपोआप येऊन बसत होती. बंदूक उचलावी लागते, असं तिच्याकडं बघून वाटतच नव्हतं. मी तो व्हिडिओ सरांना दाखवला.

सरांनी तो शांतपणे पाहिला. "ही आपल्याला मिळायची न्हाय. तसल्या गोळीला आपल्याकडं साध्या माणसाला परवानगी नसती. पण तुला हिच्यात काय आवडलं?"

"हलकी हाय, सर. आणि वजन मागं हाय, अंगाजवळ."

"मग तेवढं घे ह्यातलं, आणि फोन ठेव."

बंदूक निवडण्याबद्दल मी जे काही शिकले ते एवढंच आहे. काट्यावरचं वजन किती हे नंतर बघायचं. ते वजन कुठं बसतं, डाव्या हातावर की अंगावर, हे आधी.

शनिवारी गावी गेल्यावर मी घरी विषय काढला. मामा आले होते. मामा म्हणजे आईचा भाऊ, पैंजणांचे व्यापारी. पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, दोन फोन, आणि बोलताना समोरच्याच्या मांडीवर थाप मारायची सवय. मी सगळं सांगितलं. क्लबची रायफल जड कशी पडते, चाचणी कधी आहे, तो व्हिडिओ, ती कार्बाइन, आणि ती आपल्याला मिळत नाही हेसुद्धा.

आप्पा हातातलं काम न थांबवता म्हणाले, "हलकी? मग ती टिकंल का?"

मामांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "हलकी? माझी भाची हलकी बंदूक घेऊन उभी ऱ्हाणार? मी काय मेलोय व्हय? मामाकडनं तुला कार्बाइन."

"मामा, कार्बाइन मिळत नाही. आणि हलकी म्हणजे तसली हलकी नव्हे."

"मिळत कशी न्हाय? कोल्हापुरात काय मिळत न्हाय?"

आई खूश झाली होती. भावानं भाचीसाठी काहीतरी करायचं म्हटलं की आमच्याकडं घरातल्या बाईचा चेहरा उजळतो. मी मान हलवली आणि "बरं मामा" म्हणाले.

कोल्हापुरातल्या बंदुकांच्या दुकानात मामांबरोबर त्यांचे दोन मित्र आले. दुकानदारानं "या पावणं" म्हणून तिघांना खुर्च्या दिल्या. मी उभीच. बंदूक माझी, चाचणी माझी, पण काउंटरवर एकेक बंदूक यायची आणि त्या तिघांच्या तळहातांवरून फिरून परत जायची. तिघंही ती दोनदा वरखाली करायचे, पैंजण करावेत तशी. खांद्याला एकानंही लावली नाही. मी हात पुढं केला की दुकानदार म्हणायचा, "थांबा म्याडम, सायबांना बघू दे."

"कार्बाइन दाखवा," मामा म्हणाले.

दुकानदारानं मागून एक काळी वस्तू आणली. खरी कार्बाइन ती नव्हतीच, साधी छर्रे सोडणारी स्प्रिंगची बंदूक होती, पण सिनेमातल्यासारखी दिसावी म्हणून तिला सगळीकडं काळं प्लास्टिक, खोटं मॅगझिन आणि वर मोठी दुर्बीण बसवली होती. नळीकडं इतकी जड की काउंटरवर ठेवली तरी तोंडावर पडायची. मामांनी ती तोलली आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"ही बघ. हिला म्हणायचं वजन."

मग त्यांनी ती दुकानदाराच्या छातीवर रोखली, मित्रावर रोखली आणि हसत हसत माझ्यावर रोखली. तिघंही हसले. रेंजवर पहिल्या दिवशी आम्हाला एकच गोष्ट शिकवतात, रिकामी असली तरी बंदुकीचं तोंड माणसाकडं करायचं नाही. हे ज्याला जमत नाही त्याला सर दुसऱ्या दिवशी आत घेत नाहीत. मी नळीसमोरून बाजूला झाले.

"मामा, नळी खाली करा."

"घाबरली बघा. आणि म्हणं नेमबाज."

काउंटरच्या टोकाला एका उघड्या खोक्यात फिक्या लाकडाची एक लहान मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, पडली होती. तिच्याकडं बोट करून मी विचारलं. "ती हलकी हाय म्याडम, शिकाऊ पोरींसाठी," दुकानदार म्हणाला. नुसतं 'हलकी' ऐकूनच मामांनी हात झटकला. काळ्या बंदुकीवर दुर्बीण आहे, आमच्या प्रकारात दुर्बीण चालत नाही, स्प्रिंगच्या झटक्यात नेम हलतो, हे मी दुकानात स्पष्ट सांगितलं. पुन्हा एकदा सांगितलं. "चालतंय की," दुकानदार म्हणाला आणि त्यानं मामांसाठी चहा सांगितला. ज्या माणसाला स्वतःच्या मालाचा उपयोग ठाऊक आहे आणि तरी तो असं बोलतो, त्याच्याविषयी काय वाटावं ते मला आजही ठरवता आलेलं नाही. त्या तिघांचे कप मात्र आठवतात. ते कप त्यांनी त्या फिक्या रायफलच्या खोक्याच्या झाकणावर ठेवले होते.

मामांनी विकत घेतलेली काळी बंदूक त्यांच्याच घरी राहिली. "तुझ्या खोलीवर कोण कसं असतंय," असं कारण. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी क्लबच्या रायफलवर सराव करत राहिले आणि छर्रे खाली पडत राहिले.

खंडेनवमीला मामांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा असते, आणि आमची हत्यारं म्हणजे चिमटे, कात्र्या, हातोड्या. लहानपणापासून मला हा दिवस आवडतो. वर्षभर काळवंडलेल्या वस्तू घासूनपुसून पाटावर मांडलेल्या असतात, त्यांना झेंडूचं फूल वाहिलेलं असतं. त्या दिवशी मामांच्या दिवाणखान्यात पाटाच्या मधोमध ती काळी बंदूक आडवी पडली होती. चिमटे आणि कात्र्या कडेला सरकवलेल्या. दुर्बिणीच्या काचेवर कुंकू लावलेलं आणि नळीच्या तोंडात उदबत्ती खोचलेली. राख नळीत गळत होती. येईल तो माणूस त्या बंदुकीला हात जोडत होता आणि मामा त्याला सांगत होते, "भाचीची हाय. स्टेट लेव्हलला चाललीया. कार्बाइन."

मला तिच्यासोबत उभं केलं. "खांद्यावर घे. तशी नव्हं, डोळ्याला लाव. हासू नको, रागात बघ." मित्र फोन धरून उभे होते. आई कौतुकानं बघत होती म्हणून मी तो फोटो काढून दिला. हातांना कुंकू आणि तेल लागलं, वास आला, आणि तो साबणानं धुतला तरी दिवसभर गेला नाही.

जेवणं झाल्यावर पुरुष गच्चीवर गेले. आप्पा आणि मी खाली अंगणात होतो. शेजारच्या पत्र्यावर पारवे बसले होते. वरून एक जाडा आवाज आला आणि एक पारवा आमच्या पुढ्यात, दारातल्या रांगोळीवर पडला. मेला नव्हता. एका पंखावर गोल गोल फिरत राहिला आणि रांगोळीचे रंग त्याच्या पिसांना लागत गेले. वर हशा पिकला होता. कुणीतरी ओरडलं, "घावला की ओ शेठ, रील आली."

मामा बंदूक घेऊन खाली आले. त्यांच्या तोंडात जेवणानंतरचं पान होतं. "बघितलंस? वजनदार बंदुकीचा बार हाय हा. तुझ्या त्या हलकीनं चिमणी तरी मेली असती का? घे, आता तू दाखव."

मी बंदूक घेतली. नळी सांध्यातून दुमडून आतला छर्रा काढला, तो कुंडीत टाकला आणि बंदूक जमिनीवर ठेवली. "मामा, हिला परत हात लावायला मला सांगू नका," एवढंच म्हणाले. मामांचे मित्र एकमेकांकडं बघून हसले. "शिकलेली हाय शेठ," एक जण म्हणाला. 'शिकलेली' हा शब्द त्यानं असा उच्चारला की तो मला पानाच्या पिचकारीपेक्षा वेगळा वाटला नाही.

आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढून पारवा त्यात गुंडाळला. घरी पोचेपर्यंत तो गेला. आप्पांनी परसात खड्डा केला, माती सारली आणि हात धुता धुता विचारलं, "तुम्ही तिथं रेंजवर हेच करता व्हय?"

तो प्रश्न मला दिवसभराच्या सगळ्या किळसेपेक्षा जास्त लागला. इतकी वर्षं ज्यांनी माझ्यासाठी लोकांची बोलणी खाल्ली, त्यांच्या डोळ्यांसमोर माझा खेळ म्हणजे रांगोळीत फिरणारा पारवा झाला होता. आप्पांनी 'नको' म्हटलं असतं तर मी रायफलच सोडली असती. मी वाद घातला नाही. "उद्या माझ्यासंगट चला, आप्पा," म्हणाले.

दसऱ्याच्या सकाळी रेंजवर फार कुणी नव्हतं. आप्पा माझ्याबरोबर बसनं आले होते. रेंजवर ते मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले, देवळात बसावं तसे. मी जाकीट चढवलं आणि क्लबच्या रायफलवर कागदामागून कागद मारले. आवाज केवढा, तर टाळी वाजवल्याएवढा. नंतर मी त्यांना कागद आणून दाखवले. ते त्या बारीक भोकांवरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिले.

"ही शेवटची खाली का गेली?"

"हात भरून येतो, आप्पा. नळी जड हाय."

सर ऐकत होते. ते आत गेले आणि एक रायफल घेऊन आले. शिक्षणासाठी बाहेरगावी गेलेल्या एका मुलीची होती, तिच्या घरच्यांना ती विकायची होती. फिकं लाकूड, लहान दस्ता, दुकानातल्या त्या खोक्यातल्यासारखीच. सरांनी ती आधी आप्पांच्या हातात दिली, वयाचा मान म्हणून. आप्पांनी ती तळहातांवर घेतली आणि दोनदा वरखाली केली. त्यांचा ओठ वाकडा व्हायला लागला. 

"हल..." म्हणता म्हणता ते थांबले आणि रायफल माझ्याकडं दिली. "लाव बघू खांद्याला."

मी लावली. कोपर कमरेवर टेकलं, गाल लाकडावर आला आणि ती तिथंच राहिली. मी काही धरलं आहे असं वाटलं नाही. मी सोडलेले छर्रे जवळजवळ एकाच भोकातून गेले. किती वेळ गेला माहीत नाही, पण शेवटच्या कागदावरही नळी उतरली नव्हती.

आप्पा बाकावरून उठून माझ्या बाजूला आले. "हलकी न्हाय ही," ते सरांना म्हणाले. "नाजूक हाय."

आमच्या कामात नाजूक हा फार मोठा शब्द आहे. चांदी कमी, पण काम बारीक, त्याला नाजूक म्हणतात. तशा पैंजणाला मजुरी जास्त आणि मानही जास्त. आप्पांनी त्याच संध्याकाळी ती रायफल घेण्याचं ठरवलं आणि गावात ज्यानं ज्यानं विचारलं त्याला सांगितलं, "पोरीला नाजूक रायफल घेतलीया." आणि लोकांनी माना डोलावल्या. "व्हय, बाईमाणसाला नाजूकच पाहिजे," म्हणाले. हलकी म्हटल्यावर नाक मुरडणारे तेच लोक. मला आनंद व्हायला हवा होता, आणि आप्पांसाठी झालाही. पण त्या माना डोलावणाऱ्यांकडं बघून वीट आला. मी महिनाभर खांदा दाखवला, कागद दाखवले, नियम सांगितले, त्यातलं काही कुणाच्या कानात शिरलं नाही. बाजारातला एक शब्द मात्र लगेच शिरला.

चाचणीच्या दिवशी मामा आले. गाडीच्या डिकीतून त्यांनी काळी बंदूक काढली आणि मी रायफल पुसत होते तिथं घेऊन आले. "खेळ तू त्या खेळण्यानं, माझं काय न्हाय. फोटोपुरती ही घे."

"मामा, फोटो काढायचा तर माझ्या रायफलीबरोबर काढा. न्हाईतर नको."

"एवढी मिजास?"

"व्हय."

सरांनी त्यांना ती बंदूक गाडीत ठेवून यायला सांगितलं. ते गाडीत ठेवायला गेले ते परत आले नाहीत. मी रांगेत उभी राहिले, आणि त्या दिवसाविषयी सांगण्यासारखं एवढंच आहे की शेवटच्या कागदावरही छर्रे खाली गेले नाहीत. माझी निवड झाली. यादीत नाव खालच्या बाजूला होतं, पण होतं.

दुसऱ्या दिवशी मी गावी गेले तर स्टँडजवळच्या चौकात डिजिटल बोर्ड, म्हणजे छापील फ्लेक्स, लागला होता. मामांचा चेहरा मोठा, मित्रांचे चेहरे गोल गोल, आणि मधे मी. खंडेनवमीचा फोटो. हातात ती काळी बंदूक, चेहरा सांगितल्याप्रमाणं रागीट. खाली लिहिलं होतं, 'मामाच्या कार्बाइनवर भाचीची राज्यस्तरावर झेप.' बंदुकीच्या नळीतून आगीच्या ज्वाळा निघताना दाखवल्या होत्या. लोक माझ्याकडं आणि बोर्डाकडं आळीपाळीनं बघत होते. एका ओळखीच्या काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "त्याच बंदुकीनं पारवा पाडलातास न्हवं? रील बघितली आम्ही," म्हणाल्या. रीलमध्ये पारवा पाडणारी म्हणून मला दाखवलं होतं.

मी घरी जाऊन जेवले नाही. आईनं दोनदा विचारलं. आप्पांना मी सांगितलं ते ऐकून ते उठले, पत्रा कापायची कात्री घेतली, घरातलं स्टूल घेतलं आणि चौकात गेले. मी मागोमाग. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, ते स्टुलावर चढून दोऱ्या कापू लागले. पानपट्टीवरून कुणीतरी हाक मारली, "आप्पा, पोरीचाच बोर्ड हाय की तो."

"म्हणूनच काढतोय."

आप्पा स्टुलावर असतानाच त्यांच्या खिशातला फोन वाजला. मामांचा होता, चौकातल्या कुणीतरी कळवलं असणार. आप्पांनी तो कानाला लावला, आणि मामांचा आवाज खाली मला ऐकू येत होता. ते सगळं संपेपर्यंत आप्पा थांबले. मग म्हणाले, "पावणं, पोरगी बरोबर हाय त्यात. बंदूक चुकीची हाय." फोन खिशात घातला आणि शेवटची दोरी कापली.

मामा त्यानंतर आमच्याकडं आलेले नाहीत. आई त्याबद्दल अधूनमधून डोळे पुसते आणि मी तिला काही बोलत नाही, कारण तिचा भाऊ तो तिचा भाऊ आहे. डिजिटलचं कापड चांगलं जाड असतं, पाणी धरत नाही. आप्पांनी ते परसात कोळशाच्या पोत्यांवर घातलं आहे, छापील बाजू आत करून. बाहेरून पांढरंच दिसतं. कोळसा काढताना वाऱ्यानं एखादं टोक उलटतं आणि आगीची ज्वाळा दिसते, तेव्हा मी ते पायानं परत दाबून ठेवते.